विंडोज १० चा सपोर्ट संपला, आता घरातल्या जुन्या डबड्याचं काय करायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला, आणि स्क्रीनवर ते मोठं पान यायला लागल्यापासून लोकांना वाटतंय की आता कॉम्प्युटर टाकूनच द्यावा लागणार. दुकानात विचारलं तर दुकानदार नवीनच दाखवणार, त्याचा तो धंदा आहे. कॉलनीतल्या कॉम्प्युटरवाल्या मुलाला विचारलं तर तो म्हणणार “काका मी इलेव्हन टाकून देतो, पाचशे द्या.” दोन्ही ऐकायच्या आधी हे वाचा.

पहिली गोष्ट, कॉम्प्युटर बंद पडलेला नाही आणि पडणारही नाही. थांबले ते आपोआप येणारे सिक्युरिटी अपडेट. म्हणजे विंडोजमध्ये नवीन भोक सापडलं तर ते आता कोणी आपसूक बुजवणार नाही. नुसते रमी आणि जुने फोटो बघायला मशीन वापरत असाल आणि नेट जोडलेलंच नसेल तर काही फरक पडत नाही. पण नेटबँकिंग, ईमेल, पेनड्राइव्हची ये-जा असेल तर काहीतरी करायलाच हवं, आज नाही तर या दोन-चार महिन्यात.

हा लेख २०११-१२ ते २०१८ च्या दरम्यान घेतलेल्या डेस्कटॉप आणि लॅपटॉपसाठी आहे, आणि ज्यांनी आजवर कधी स्वतः विंडोज टाकलेलं नाही त्यांच्यासाठी. माझं म्हणणं एवढंच की क्रम चुकवू नका, आधी डेटा, मग डिस्क, आणि सगळ्यात शेवटी सिस्टिम. बहुतेक लोक उलटं करतात, आधी विंडोज ११ टाकतात, मग मशीन गोगलगाय होतं, मग एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणतात आणि मग आठवतं की डेस्कटॉपवर पडलेले लग्नाचे फोटो फॉरमॅटमध्ये गेले.

पायरी १: आपलं मशीन नक्की काय आहे ते बघा

स्टार्टमध्ये जाऊन ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ टाइप करा, जे उघडेल त्यात सगळं आहे. कागद घ्या आणि चार गोष्टी लिहून ठेवा: प्रोसेसर, रॅम किती, बायोस मोडसमोर (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारा, मशीनमधलाच छोटा प्रोग्राम) ‘लेगसी’ म्हणजे जुनी पद्धत लिहिलंय की ‘यूईएफआय’ म्हणजे नवी, आणि सिस्टिम टाइप ६४ बिट आहे की ३२. कागदावरच लिहा, कारण पुढे कॉम्प्युटर बंद असताना हीच माहिती लागते.

इंटेलचा प्रोसेसर असेल तर आकड्यावरून पिढी कळते. आय५-३४७० म्हणजे तिसरी पिढी, आय३-६१०० म्हणजे सहावी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी. आकडा दहा-अकराने सुरू होत असेल तर दहावी-अकरावी. आय५-६५० असा तीनच आकडी असेल तर पहिली पिढी, आणि नुसतं कोअर टू ड्युओ लिहिलं असेल तर त्याच्याही आधीचं. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने आठव्या पिढीपासूनची यादी केलेली आहे (सातव्यातले अगदी मोजके अपवाद सोडून), म्हणजे साधारण २०१७ च्या शेवटापासून पुढची मशीनं. एएमडीमध्ये रायझनच्या २००० मालिकेपासून, पण त्यातलेही सगळे नाहीत, म्हणून एएमडीवाल्यांनी अंदाज न बांधता मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे फुकट ॲप टाकून बघावं, ते सरळ हो किंवा नाही सांगतं आणि नाही तर का नाही तेही सांगतं.

त्या ‘का नाही’ मध्ये कधीकधी फक्त टीपीएम २.० किंवा सिक्युअर बूट (चालू होताना खात्रीची सिस्टिमच उठू देणारी सोय) असं येतं, आणि प्रोसेसर ठीक असतो. टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारी छोटी सोय, बऱ्याच मशीनमध्ये ती प्रोसेसरमध्येच असते पण बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. इंटेलमध्ये तिचं नाव पीटीटी, एएमडीत एफटीपीएम. बायोसमध्ये जाऊन ते चालू केलं की काम होतं. सिक्युअर बूटचं मात्र जरा जपून, बायोस मोड लेगसी असेल आणि तुम्ही तिकडे जाऊन नुसतं यूईएफआय करून आलात तर आहे ते विंडोज उठणारच नाही (घाबरू नका, परत लेगसी केलं की उठतं). तिथे डिस्कची रचना बदलावी लागते, नवख्या माणसाने त्यापेक्षा नवीन एसएसडीवर यूईएफआय मोडमध्ये कोरं विंडोज टाकावं, डोक्याला ताप कमी.

आणखी एक, आणि हे कोणी सांगत नाही. डेस्कटॉप चालू केला की तारीख २००९ किंवा असलीच काहीतरी दाखवतो का? मग मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय, सीआर२०३२ म्हणून मागा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकली की बँकेच्या साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत, आणि लोक समजतात विंडोज जुनं झालं म्हणून असं होतंय.

पायरी २: डेटा काढून घ्या, आणि इथे अजिबात घाई नको

बॅकअप म्हणजे डी ड्राइव्हमध्ये कॉपी नाही. सी आणि डी बहुतेक घरात एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात, डिस्क गेली की दोन्ही गेले. बाहेरची हार्डडिस्क घ्या किंवा मोठा पेनड्राइव्ह, आणि जे फोटो परत मिळणारच नाहीत ते दोन ठिकाणी ठेवा.

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सगळ्यांना आठवतं. विसरतात ते हे. डेस्कटॉपवर टाकलेल्या फाइली, त्या पण सी ड्राइव्हमध्येच असतात. टॅलीचा डेटा, तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते टॅलीच सांगतं, कंपनी निवडायच्या पडद्यावर पाथ दिसतो. आउटलुकमध्ये मेल येत असेल तर त्याची पीएसटी फाइल. क्रोममधले पासवर्ड, गूगल अकाउंटला सिंक असतील तर ठीक, नाहीतर एक्स्पोर्ट करून घ्या, पण ती फाइल उघड्या मजकुराची असते त्यामुळे काम झालं की लगेच उडवा. प्रिंटर आणि स्कॅनरची मॉडेल नावं. वायफायचा पासवर्ड, हसू नका, फॉरमॅट झाल्यावर तोच कोणाला आठवत नसतो.

मग मराठीचा खास प्रश्न. तुमच्याकडे जुन्या फाइली श्रीलिपी, कृतीदेव किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील, म्हणजे सोसायटीची पत्रं, पत्रिका, वडिलांचं लिखाण वगैरे, तर त्या युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर तीच अक्षरं दिसतात ती पद्धत) नाहीत. तो फॉन्ट नसला की त्याच फाइलमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट कॉपी करून बॅकअपमध्ये ठेवा, आणि महत्त्वाच्या फाइलींची आत्ताच, जुन्या मशीनवर असतानाच, पीडीएफ करून घ्या. हे नंतर करायचं म्हटलं तर तो फॉन्ट शोधत बसावं लागतं. डाँगलवर (यूएसबीत लावायची किल्ली) चालणारं सॉफ्टवेअर असेल तर त्याची सीडी किंवा सेटअप फाइल आहे का तेही बघा, नसेल तर ते विंडोज हलवायच्या आधी दहा वेळा विचार करा.

लॅपटॉपवाल्यांसाठी अजून एक. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का बघा, असेल तर रिकव्हरी की लिहून घ्या, ४८ आकडी असते आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून बघता येते. बायोसमध्ये जरा काही हलवलं की पुढच्या वेळी विंडोज तीच मागतं आणि ती नसेल तर डेटाला रामराम.

कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाइली उघडून बघा. उघडल्या तरच तो बॅकअप.

पायरी ३: या मशीनवर तुम्ही काय काम करता?

इथेच खरं म्हणजे निम्मा निर्णय होतो. टॅली, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, ई-टेंडर, अंगठ्याचं बायोमेट्रिक मशीन, एखादं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर, यातलं काहीही असेल तर मुकाट्याने विंडोजवरच राहा. लिनक्सवर (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टिम) हे होतच नाही असं नाही, पण ज्याला पहिल्यांदाच करायचंय त्याने जीएसटीच्या शेवटच्या तारखेला टोकन ओळखत नाही म्हणून रडत बसू नये.

फक्त ब्राउझर, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, मेल, नेटबँकिंग, पोरांचा अभ्यास, कधीतरी एखादं पत्र टाइप करून प्रिंट असं असेल (आणि बहुतेक घरात एवढंच असतं, कितीही नाही म्हटलं तरी) तर तुम्हाला पाचव्या पायरीत सांगितलेले चारही रस्ते मोकळे आहेत.

प्रिंटर मात्र आधी बघा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर विनातक्रार चालतात, एप्सनच्या इंक टँकवाल्या एल मालिकेला पण ड्रायव्हर मिळतो. कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे निम्म्या झेरॉक्स दुकानात आणि वकिलांकडे असतो, तो लिनक्सवर वैताग देतो. तो असेल तर हे आत्ताच लक्षात ठेवा.

पायरी ४: डिस्क बदला, बाकी काही केलं नाही तरी चालेल पण हे करा

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा. तिथे एचडीडी लिहिलं असेल आणि काहीही न करता डिस्क १०० टक्के दाखवत असेल तर तुमचं मशीन ‘जुनं’ नाही, त्याची डिस्क हळू आहे. फिरणाऱ्या डिस्कला एक-एक बारकी फाइल शोधायला आतला दांडा हलवावा लागतो, विंडोज १० आणि ११ सुरू होताना अशा हजारो बारक्या फाइली उघडतं. एसएसडीत हलणारा भागच नाही. तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय३ सुद्धा एसएसडी टाकल्यावर घरकामाला उत्तम चालतो, हे मी कोणालाही छातीठोक सांगेन.

दुकानात गेल्यावर ‘अडीच इंची साटा एसएसडी’ असं म्हणा. २५६ जीबीच्या आसपासची घरकामाला पुरते. एम डॉट टू किंवा एनव्हीएमई घेऊ नका, ती पातळ पट्टीसारखी असते आणि बहुतेक जुन्या बोर्डवर तिला जागाच नसते. लॅपटॉपमध्ये जुनी हार्डडिस्क काढून त्याच जागी ही बसते. डेस्कटॉपमध्ये जुनी न काढता शेजारी लावता येते, फक्त एक साटा केबल जास्तीची लागेल, आणि आत पॉवरची एखादी मोकळी पिन आहे का ते बघा. ब्रॅकेट नसेल तरी बिघडत नाही, वजन काहीच नसतं.

रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. डीडीआर३ आणि डीडीआर४ हे रॅमचे प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या जागी असते, आणि लॅपटॉपची कांडी डेस्कटॉपपेक्षा लहान असते, त्यामुळे जुनी कांडी काढून सोबत न्या आणि ‘हिच्यासारखीच द्या’ म्हणा. काही चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉपना कमी व्होल्टेजची डीडीआर३एल लागते, ते जुन्या कांडीच्या स्टिकरवर दिसतं. नवीन रॅमपेक्षा जुन्या बाजारातली डीडीआर३ स्वस्त पडते आणि ठीक चालते.

उघडलंच आहे तर ब्रशने धूळ काढा, फॅन बोटाने धरून ठेवा म्हणजे ब्लोअरच्या हवेने गरागरा फिरणार नाही. काम करायच्या आधी स्विच बंद, वायर काढलेली, लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर काढलेली, आणि कॅबिनेटच्या लोखंडाला एकदा हात लावून घ्या. परत जोडल्यावर स्क्रीनच आली नाही आणि बीप-बीप वाजलं तर दहातल्या आठ वेळा रॅम नीट बसलेली नसते, काढा, सोनेरी दातांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका, दोन्ही बाजूने ‘कट’ असा आवाज येईपर्यंत दाबा.

लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आलेलं असेल किंवा खालचं झाकण बसत नसेल, तर तिथेच थांबा. तिला टोचू नका, दाबू नका, सर्व्हिसवाल्याकडे न्या.

पायरी ५: चार रस्ते

पहिला, मशीन पात्र असेल तर विंडोज ११. विंडोज १० खरं, ॲक्टिव्हेट केलेलं असेल तर अपग्रेड फुकट आहे, विंडोज अपडेटमध्येच येतं. यात शिकवण्यासारखं काही नाही, लॅपटॉप चार्जिंगला लावा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर ठेवा आणि लाइट जायची वेळ टाळा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात हे करायचं तर पहाटे करा.

दुसरा, विंडोज १० वरच थोडे दिवस काढायचे. मायक्रोसॉफ्टने घरगुती लोकांसाठी एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट म्हणजे ईएसयू काढलंय, त्याने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळत राहतात. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट हवं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ दिसेल, तिथे तीन पर्याय: पीसीच्या सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर चालू केला तर फुकट, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट असतील तर त्यातून, नाहीतर एकदाच ३० डॉलर किंवा तेवढे रुपये. फुकटचा पर्याय घ्या, सरळ आहे. फक्त वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबीच आहे, फोटोंचे फोल्डर पण सिंकला लावले तर ती लगेच भरते आणि मग पैसे भरा म्हणून मागे लागतं, ते फोल्डर बंद ठेवा. टॅली आणि टोकनवाल्यांनी हाच रस्ता घ्यावा आणि तेवढ्या वेळात नवीन मशीनसाठी पैसे बाजूला काढावेत.

तिसरा, अपात्र मशीनवर जबरदस्तीने विंडोज ११. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम वगैरेची अट काढून टाकता येते, तो कॉलनीतला मुलगा हेच करतो. चालतं. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही, दरवर्षीची मोठी आवृत्ती बहुतेक वेळा परत हाताने टाकावी लागते, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून कोअर टू ड्युओसारखे जुने प्रोसेसर तर उठतच नाहीत कारण तिला लागणारा एक हुकूम त्या प्रोसेसरना कळतच नाही. ज्याच्या घरात दरवर्षी हे करून देणारं कोणी आहे त्याने खुशाल करावं. गावाकडे एकट्या राहणाऱ्या आईबाबांच्या मशीनवर मी हे टाकणार नाही.

आणि कोणी ‘क्रॅक’ टाकून देतो म्हणाला, त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला लागला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. तो ॲक्टिव्हेटर कुठून आला ते त्यालाही माहीत नसतं आणि त्याच मशीनवर तुम्ही उद्या नेटबँकिंग करणार असता.

चौथा, लिनक्स. खाली सविस्तर येतंय. (गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स पण आहे, फुकट आहे, ४ जीबी रॅमवर चालतं, फक्त आणि फक्त क्रोम ब्राउझर हवा असेल तर वाईट नाही. पण त्यात प्ले स्टोअरची ॲप चालत नाहीत आणि सगळं नेटवर अवलंबून, म्हणून मी त्यात पुढे जात नाही.)

पायरी ६: लिनक्स मिंट, आधी चाखून बघा

लिनक्सचे शंभर प्रकार आहेत आणि कुठला चांगला यावर लोक अजून भांडतायत, तुम्ही त्यात पडू नका, मिंट घ्या. खाली डावीकडे स्टार्टसारखा मेनू, टास्कबार, घड्याळ उजवीकडे, विंडोज ७ वापरलेल्या माणसाला घरचं वाटतं. मिंटची २२ वी आवृत्ती २०२४ च्या जुलैमध्ये आली आणि २०२९ पर्यंत तिला अपडेट मिळणार आहेत. किमान २ जीबी रॅम सांगितली आहे, ४ हवी, आणि मशीन ६४ बिट लागतं. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या, ८ असेल तर सिनॅमन. ३२ बिट प्रोसेसरचं अगदी जुनं नेटबुक असेल तर त्याला खरंच आता विश्रांती द्या.

मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (सगळी सिस्टिम एकाच फाइलमध्ये) उतरवा, तीन जीबीच्या आसपास आहे, मोबाइल डेटावर असाल तर दिवसाचा कोटा बघून. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या (रिकामा म्हणजे त्यातलं सगळं जाणार). रुफस किंवा बलेना एचर (दोन्ही असा पेनड्राइव्ह बनवणारी सॉफ्टवेअर) उघडा, आयएसओ निवडा, पेनड्राइव्ह निवडा, स्टार्ट. रुफसने काही विचारलं तर जे आधीच निवडलेलं असतं तेच ठेवा. हे होताना कुठला ड्राइव्ह निवडलाय ते दोनदा बघा, बॅकअपची हार्डडिस्क पण त्याच वेळी लावलेली असेल तर तीच पुसली जायची. तिला काढूनच ठेवा ना.

आता कॉम्प्युटर शटडाउन न करता रिस्टार्ट करा, कारण विंडोज १० चं शटडाउन बऱ्याचदा अर्धवट झोप असते. चालू होताना बूट मेनूची की टपटप दाबत राहा: डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला एस्केप किंवा एफ ९, एसरला एफ १२ पण ती बायोसमध्ये जाऊन आधी चालू करावी लागते, असुस लॅपटॉपला एस्केप. असेंबल डेस्कटॉप असेल तर गिगाबाइट बोर्डला एफ १२, एमएसआयला एफ ११, असुस बोर्डला एफ ८. पेनड्राइव्हचं नाव दिसलं की एंटर.

थोड्या वेळात मिंटचा डेस्कटॉप येईल. हे अजून पेनड्राइव्हवरूनच चालतंय, तुमच्या डिस्कला हातही लागलेला नाही, म्हणून निवांत तासभर वापरा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, यूट्यूब अडखळतंय का, कॅमेरा, ब्लूटूथ, लॅपटॉप झाकण बंद करून उघडल्यावर उठतोय का, प्रिंटर लावून एक पान छापून बघा. पेनड्राइव्हवरून जरा सुस्त वाटणारच, त्यावरून मत बनवू नका. वायफाय दिसलंच नाही तर (ब्रॉडकॉम चिप असली की होतं असं) फोन केबलने लावा, फोनमध्ये यूएसबी टेथरिंग चालू करा, नेट येईल, आणि मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडला की तो स्वतःच लागणारा ड्रायव्हर सुचवतो. तरीही एखादी महत्त्वाची गोष्ट चालली नाही तर पेनड्राइव्ह काढा, रिस्टार्ट करा, तुमचं विंडोज जसंच्या तसं आहे.

पायरी ७: इन्स्टॉल

आता इथे माझी एक पद्धत आहे आणि मी ती सगळ्यांना सांगतो. जुनी विंडोजवाली हार्डडिस्क पूर्ण काढून बाजूला ठेवा, डेस्कटॉप असेल तर नुसती तिची केबल काढा. मशीनमध्ये फक्त नवी कोरी एसएसडी. मग मिंट कितीही ‘सगळं पुसतोय’ म्हणालं तरी पुसायला काही नसतंच, आणि महिन्याभराने लिनक्स नाही जमलं तर जुनी डिस्क लावली की पंधरा मिनिटात पूर्वीचं जग परत. एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम ठेवायची पद्धत पण आहे, होते, पण पार्टिशनचे पट्टे इकडून तिकडे सरकवताना नवख्याची जी घालमेल होते ती कशाला.

डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल’ आयकॉनवर दोनदा क्लिक. भाषा इंग्रजी ठेवा (मराठी नंतर येतं), कीबोर्ड इंग्लिश यूएस. ‘मल्टिमीडिया कोडेक’ च्या चौकटीत टिक करा नाहीतर काही व्हिडिओ चालत नाहीत. ‘इरेज डिस्क’ निवडा, समोर एसएसडीचंच नाव आणि साइज आहे ना बघा. टाइम झोनला नकाशावर भारतावर क्लिक केलं की कोलकाता येतं, तेच बरोबर. नाव, पासवर्ड. पासवर्ड विसरण्यासारखा ठेवू नका, काही इन्स्टॉल करायचं म्हटलं की दरवेळी तोच विचारतं. एसएसडीवर साधारण चहा होऊन पिऊन होईपर्यंत काम उरकतं. शेवटी पेनड्राइव्ह काढा म्हणेल, काढा, एंटर.

पायरी ८: पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी

अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट घ्या. टाइमशिफ्ट चालू करा, आठवड्याला एक स्नॅपशॉट पुरे, उद्या काही बिघडलं तर सिस्टिम मागच्या आठवड्यात नेता येते. पण टाइमशिफ्ट तुमचे फोटो-फाइली सांभाळत नाही, फक्त सिस्टिम सांभाळतं, हे लोकांना फार उशिरा कळतं.

मराठी टायपिंग. इन्स्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये लेआउट जोडताना इंडियन शोधा, मराठी तिथेच मिळतं. ‘नमस्कार’ इंग्रजी अक्षरात टाइप करून मराठी उमटवायची सवय असेल तर इनपुट मेथडमधून आयबस टाका आणि एम१७एन मधलं मराठीचं फोनेटिक किंवा आयट्रान्स निवडा, एकदा लॉगआउट करून परत या. विंडोजवर ज्या सॉफ्टवेअरची सवय होती त्याच्यापेक्षा काही अक्षरं वेगळ्या कीवर असतात, ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ साठी दोन दिवस शिव्या द्याल मग बोटं शिकतात. बॅकअपमधले श्रीलिपी-कृतीदेवचे फॉन्ट आठवतायत? होम फोल्डरमध्ये ‘फॉन्ट्स’ नावाचं फोल्डर करा (इंग्रजीत .fonts असं, आधी एक टिंब देऊन), त्यात टाका, जुन्या फाइली बहुतेक वाचता येतात.

वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस आधीच आहे. मंगल फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा आहे, इथे तो नसतो, दुसरा देवनागरी फॉन्ट लागतो आणि ओळी थोड्या सरकतात. म्हणून कोणाला पाठवायचं किंवा छापायचं असेल तर पीडीएफ करूनच द्या. सरकारी फॉर्मच्या वर्ड फाइलींचे तक्ते थोडे हलतात, तेही असंच.

सॉफ्टवेअर हवं असेल तर ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ मधूनच घ्या. नेटवरून एक्सई फाइल उतरवून डबल क्लिक करायची सवय इथे चालत नाही, आणि खरं सांगायचं तर आईबाबांच्या मशीनवर तेच सगळ्यात मोठं सुख आहे.

तुम्ही पुण्यात किंवा परदेशात आणि मशीन सांगलीला असेल तर एनीडेस्क (दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) लिनक्सवरही चालतं, पण वरची सहावी आणि सातवी पायरी दुरून होत नाही, रिस्टार्ट झालं की कनेक्शन गेलं आणि बायोस तर दुरून दिसतच नाही. ते गणपतीला किंवा दिवाळीला घरी जाल तेव्हाच. घरच्यांना बजावून ठेवा की “मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमचं विंडोज एक्स्पायर झालं, एनीडेस्क उघडा” असा फोन आला तर ठेवून द्यायचा. सपोर्ट संपल्याचं निमित्त अशा लोकांना बरं सापडलंय.

राहिली ती काढलेली जुनी हार्डडिस्क. दोन-तीन महिने ती तशीच कपाटात राहू दे, वर तारखेची चिठ्ठी लावून. नवीन मशीन रुळलं, काही राहिलं नाही याची खात्री पटली, की अडीच इंची असेल तर एक यूएसबी केसिंग (डिस्क बाहेरून जोडायचं खोकं) आणा आणि तिचीच बॅकअप डिस्क करा, डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला मात्र वेगळ्या पॉवरचं केसिंग लागतं. विकायची किंवा भंगारात द्यायची असेल तर नुसतं डिलीट करून देऊ नका, डिलीट केलेलं परत काढता येतं. विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडा, तिच्यावर राइट क्लिक, फॉरमॅट, आणि ‘क्विक फॉरमॅट’ ची टिक काढून मग स्टार्ट, म्हणजे सगळ्या जागेवर शून्य लिहिली जातात. डिस्कवर एकापेक्षा जास्त ड्राइव्ह दिसत असतील तर प्रत्येकाला हेच. ५०० जीबीला काही तास लागतात, रात्री लावून झोपा.